तोगाकुशीचा नऊ तोंडांचा यजमान

जपानी पुराणकथांमध्ये जगावर पसरलेला सर्वांत मोठा अंधार एका भावाच्या दांडगाईमुळे पसरतो. सूर्यदेवी अमातेरासु हिचा भाऊ सुसानोओ स्वर्गलोकात येतो आणि उच्छाद मांडतो. तो भातखाचरांचे बांध फोडतो, पाट बुजवतो, नव्या धान्याच्या पूजेची जागा विटाळतो आणि शेवटी देवतांची वस्त्रे जिथे विणली जातात त्या घराचे छप्पर फोडून सोललेला घोडा आत फेकतो. त्या धक्क्याने मागावर बसलेली एक विणकरीण प्राणास मुकते. भेदरलेली अमातेरासु गुहेत शिरते, आतून शिळेचे दार लावून घेते आणि स्वर्ग व पृथ्वी दोन्ही काळोखात बुडतात. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात ही कथा आहे. अपराधांच्या यादीत बांध आणि पाट आधी येतात, मृत्यू सर्वांत शेवटी येतो, हे मला तिच्यात फार महत्त्वाचे वाटते. भात पिकवणाऱ्या समाजाने रचलेली ही कथा आहे आणि पाण्याची वाट बिघडवणे हे तिच्यातले पहिले पाप आहे.

पुढे ऐंशी लाख देव स्वर्गातल्या नदीच्या पात्रात जमतात आणि ओमोइकाने या बुद्धीच्या देवाला तोड काढायला सांगतात. त्याच्या सांगण्यावरून पहाटेची बांग देणारे कोंबडे गोळा केले जातात, आरसा घडवला जातो, मण्यांच्या माळा ओवल्या जातात, मुळासकट उपटून आणलेल्या साकाकी वृक्षावर त्या टांगल्या जातात. उझुमे नावाची देवता पालथ्या घातलेल्या पिंपावर पाय आपटत नाचू लागते, अंगात आल्याप्रमाणे वस्त्रांचे भान विसरते, आणि सगळे देव असे हसतात की स्वर्ग हादरतो. मी नसताना यांना हसू कसे सुचते, या नवलाने अमातेरासु दार किंचित उघडून विचारते, तेव्हा तुझ्याहून थोर देवता इथे आली आहे असे उत्तर मिळते आणि समोर आरसा धरला जातो. आपलेच तेज न्याहाळण्यासाठी ती जराशी पुढे झुकते. दाराआड दबा धरून बसलेला ताजिकाराओ हा बाहुबळाचा देव तिचा हात धरून तिला बाहेर ओढतो, दुसरा एक देव तिच्या पाठीमागे दोर ताणतो आणि जग पुन्हा उजळते.

दाराचे पुढे काय झाले, हे ‘कोजिकी’ सांगत नाही. ते शिनानो प्रांतातल्या, म्हणजे आजच्या नागानोतल्या, डोंगरी लोकांनी सांगितले. सूर्यदेवीला पुन्हा कधी लपता येऊ नये म्हणून ताजिकाराओने ते शिळेचे दार उचलून सर्व शक्तीनिशी भिरकावले, ते दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरून उडत होन्शू बेटाच्या मध्यभागी येऊन पडले आणि त्याचा डोंगर झाला, तो तोगाकुशी. नागानो शहराच्या वायव्येला १,९०४ मीटर उंचीचा हा डोंगर पाहिला की कथा रचणाऱ्याच्या नजरेची दाद द्यावीशी वाटते. हा चढत जाणाऱ्या उतारांचा डोंगर नव्हे. झाडीतून एकाएकी उभी राहिलेली काळपट, दातेरी कड्यांची लांबच लांब भिंत आहे. ओबडधोबड खडकाची ही फळी मोठ्या ताकदीने जमिनीत रोवली गेली असावी, हा विचार पाहणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

भूशास्त्र जे सांगते तेही कमी अद्भुत नाही. हा खडक समुद्राखालच्या ज्वालामुखींनी ओकलेल्या राळेचा आणि दगडगोट्यांचा आहे. लाखो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तळ उचलला गेला आणि त्याचे कडे झाले. या परिसरात समुद्री शिंपल्यांचे आणि व्हेल माशांचे जीवाश्म सापडतात. ज्या डोंगराची मूळ देवता पाण्याची आहे तो डोंगर स्वतःच पाण्यातून वर आला आहे, हे समजल्यावर मला फार आनंद झाला होता.

त्या मूळ देवतेकडे येण्याआधी डोंगरावरची आजची मांडणी पाहिली पाहिजे. तोगाकुशी देवस्थान म्हणजे एक देऊळ नव्हे. डोंगराच्या पायथ्यापासून कड्याच्या कुशीपर्यंत काही किलोमीटरच्या अंतरात पाच देवळे विखुरलेली आहेत. सर्वांत खाली होकोशा आहे. तिथे ओमोइकानेचा मुलगा उवाहारु याचा वास आहे आणि त्याच्या दर्शनासाठी देवदारांच्या सावलीतून सुमारे २७० दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. तिथून पुढे हिनोमिकोशा हे लहानसे देऊळ उझुमेचे. मध्ये, वस्तीच्या ऐन काळजात, चूशा हे ओमोइकानेचे देऊळ. सर्वांत वर, कड्याला पाठ लावून, ओकुशा हे ताजिकाराओचे मुख्य स्थान. गुहेच्या कथेतली पात्रे अशी डोंगरभर वाटली गेली आहेत. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ती अमातेरासु मात्र या पाच मुख्य देवतांमध्ये नाही.

पाचवे देऊळ ओकुशाच्या अगदी शेजारी, हाकेच्या अंतरावर आहे. त्याचे नाव कुझुर्यूशा. तिथला देव कुझुर्यू हा नऊ तोंडांचा नागदेव आहे, आणि गुहेच्या कथेत त्याचा उल्लेख कुठेही नाही. स्वर्गातले देव दारामागोमाग डोंगरावर आले, हा मात्र आधीपासूनच इथे राहत होता, असे परंपरा स्वतःच मान्य करते. तो या जागेचा धनी. नवे देव आले तेव्हा त्यांना जागा देणारा यजमान तोच. तोगाकुशीचा इतिहास वाचताना मी ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळलो तो हाच देव, कारण डोंगरावरच्या बाकी सर्वांची नावे, रूपे आणि घराणी राजसत्तेनुसार बदलत गेली आणि हा आपल्या कपारीत टिकून राहिला.

त्याची जुनी कथा तेराव्या शतकातल्या एका बौद्ध संकलनात नोंदलेली आहे. गाकुमोन नावाचा तपस्वी इ. स. ८४९ मध्ये शेजारच्या ईझुना डोंगरावर आला, पश्चिमेच्या या मोठ्या कड्याकडे तोंड करून त्याने प्रार्थना केली आणि हातातले वज्र त्या दिशेने फेकले. वज्र शोधत तो कड्याशी पोहोचला तेव्हा ते एका मोठ्या गुहेत पडलेले सापडले. तिथे बसून त्याने सद्धर्मपुंडरीक सूत्राचे पठण आरंभले. रात्री दक्षिणेकडून दुर्गंधीचा झोत आला आणि नऊ डोकी व एक शेपूट असलेला एक भयंकर जीव समोर येऊन ठाकला. तो म्हणाला की मी पूर्वी इथल्याच मठाचा अधिपती होतो. देवाला वाहिलेल्या वस्तूंचा मी अपहार केला, म्हणून ही योनी मला मिळाली. तुझ्या पठणाने माझी सुटका होत आहे. गाकुमोनच्या आज्ञेप्रमाणे तो गुहेत गेला आणि गुहेचे तोंड शिळेच्या दाराने बंद करण्यात आले.

या कथेत दोन गोष्टी एकमेकींवर रचलेल्या स्पष्ट दिसतात. खाली आहे तो डोंगराच्या कपारीतला जुना नागदेव, ज्याला लोक आधीपासून भीत आणि पूजत असणार. वर आहे ती बौद्ध भिक्षूंनी त्याला दिलेली शिक्षा आणि सुटका. नवा धर्म जुन्या देवाला हाकलून देत नाही, त्याच्या पूर्वजन्मीचा हिशेब मांडतो आणि मग त्याला आपल्या घरात घेतो. या कथेतही शिळेचे दार आहे, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. एका दाराने देवी आत कोंडून घेते आणि दार उडून जाते. दुसऱ्या दारामागे नाग मिटवला जातो आणि दार तिथेच राहते. मला दुसरी कथा या मातीची अधिक वाटते. पहिलीने तिला राजदरबारी वस्त्रे चढवली.

सद्धर्मपुंडरीकाचे पठण ऐकून नाग येतो, यात आपल्याकडच्या वाचकाला आश्चर्य वाटू नये. त्या सूत्राच्या पहिल्याच प्रकरणात, राजगृहाच्या गृध्रकूट टेकडीवर बुद्धाचे प्रवचन ऐकायला बसलेल्या सभेत आठ नागराज आहेत, आणि त्यांत वासुकी आहे, तक्षक आहे. ही नावे चिनी भाषांतरांमधून जपानमध्ये पोहोचली आणि जिथे जिथे डोंगरातून झरा फुटत होता तिथल्या स्थानिक जलदेवतांना ती आपली आप्त वाटली. भारतातल्या नागांकडे पाण्याची आणि पावसाची राखण होती. जपानी डोंगरातल्या नागांकडेही तेच काम होते. तोगाकुशीवर हिवाळाभर बर्फ साचते, वसंतात ते वितळून खालच्या खोऱ्यांतली खाचरे भरते. या पाण्यावर जगणाऱ्या शिनानो आणि एचिगो या प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी गावोगावी भक्तमंडळे बांधली होती. मंडळाच्या वतीने काही जण दर वर्षी डोंगरावर येत, पूजा करवून घेत आणि देवाचा अंगारा घेऊन परतावे तसे पूजेचे कागदी पत्रक गावासाठी घेऊन जात. दुष्काळात ते तानेइके नावाच्या तळ्याचे पाणी भांड्यात भरून आपल्या गावी नेत आणि पावसाची करुणा भाकत. मला यावरून माझ्या आजीच्या गावातली धोंडी आठवते: कडुनिंबाचा पाला नेसवलेला मुलगा घरोघरी जायचा, बायका त्याच्यावर तांब्याने पाणी ओतायच्या आणि घरात प्यायला पाणी नसतानाही त्या ओतण्यात काटकसर करायच्या नाहीत.

कुझुर्यूला नाशपाती आवडते. दाढदुखी बरी व्हावी म्हणून लोक तीन वर्षे नाशपाती न खाण्याचा नवस बोलत, आपल्या वाट्याचे फळ नागाला वाहत. ज्या देवाच्या हाती अख्ख्या खोऱ्याचे पाणी आहे त्याच्याकडे दुखरी दाढ घेऊन जायला माणसांना संकोच वाटत नसे, ही जवळीक मला थोर वाटते. ताजिकाराओकडे कोणी दाढ घेऊन गेल्याचे मी वाचलेले नाही.

गाकुमोननंतर डोंगर वाढत गेला. आज होकोशा, चूशा आणि ओकुशा म्हणतात त्या देवळांची तेव्हाची नावे होकोइन, चूइन आणि ओकुइन. परंपरेप्रमाणे होकोइन १०५८ मध्ये आणि चूइन १०८७ मध्ये स्थापन झाले. ओकुइन, चूइन आणि होकोइन अशी तीन मोठी स्थाने मिळून केन्कोजी हा तेन्दाई या बौद्ध पंथाचा मठ झाला. इथे येणारे यामाबुशी, म्हणजे डोंगरात तप करणारे साधक, कड्यांवरच्या गुहांमध्ये उपवास करत आणि डोंगराच्या सुरीसारख्या धारेवरून चालत. त्या धारेचा सर्वांत अरुंद भाग ‘मुंगीची वाट’ या अर्थाच्या नावाने आजही ओळखला जातो. दोन्ही बाजूंना कडा तुटलेला आहे आणि गिर्यारोहक तिथे अजूनही जीव गमावतात.

मठ श्रीमंत झाला की भांडणे येतात. तेन्दाई आणि शिंगोन या दोन पंथांचे साधक इथे एकमेकांच्या जिवावर उठले, आणि १४६८ मध्ये सेन्चो नावाच्या तेन्दाई पुढाऱ्याची हत्या झाली. त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी बांधलेले छोटे देऊळ आजही आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या नावाने नाच होतो. पुढच्या शतकात ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन हे दोन सरदार खालच्या कावानाकाजिमाच्या मैदानात वारंवार लढले. दोघांनाही तोगाकुशीच्या देवाचा आशीर्वाद हवा होता. डोंगर मात्र दोघांच्या मधोमध सापडला. अखेर तिन्ही स्थानांचे भिक्षू देवांसह डोंगर सोडून दुसऱ्या खेड्यात गेले आणि सुमारे तीस वर्षे तिथेच राहिले. १५९४ मध्ये उएसुगी कागेकात्सु याच्या मदतीने ते परत आले. त्या तीस वर्षांत कपारीतला नाग कुठे होता, याचे उत्तर सोपे आहे. त्याला उचलून नेता येत नव्हते.

१६१२ मध्ये तोकुगावा इएयासुने या मठाला एक हजार कोकू उत्पन्नाची जमीन दिली. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरणारा तांदूळ, त्यावरून देणगीचा अंदाज यावा. एदो काळात, म्हणजे तोकुगावा घराण्याच्या राजवटीत, तिन्ही स्थाने मिळून त्रेपन्न आश्रम होते. ओकुइनचे भिक्षू ब्रह्मचारी. खालच्या दोन स्थानांतले कुटुंबवत्सल, यात्रेकरूंना उतरवून घेणारे. याच काळात ओकुइनच्या वाटेवर देवदारांची रांग लावली गेली आणि तिथली झाडे तोडायला बंदी घालण्यात आली. अठराव्या शतकात जोइन नावाच्या मठाधिपतीने बौद्ध, शिंतो (म्हणजे जपानचा मूळचा देवधर्म) आणि ताओ विचार मिसळून स्वतःचे एक दर्शन उभे केले, त्यापायी वरिष्ठांशी भांडण ओढवून घेतले आणि त्याला हाचिजोजिमा या दूरच्या बेटावर हद्दपार व्हावे लागले. त्याच्याविषयी स्वतंत्र लेख लिहायला हवा. इथे एवढेच नोंदवतो की या डोंगरावर देवांची सरमिसळ हा कोणाचा गोंधळ नव्हता, ती विद्वानांनी विचारपूर्वक जोपासलेली गोष्ट होती.

त्या सरमिसळीचा अर्थ असा होता की प्रत्येक जपानी देव हा एखाद्या बुद्धाचे किंवा बोधिसत्त्वाचे इथल्या भूमीवर प्रकटलेले रूप मानला जाई. चूइनच्या देवाचे मूळ रूप शाक्यमुनी, होकोइनच्या देवाचे क्षितिगर्भ, आणि सर्वांत वरच्या ओकुइनच्या देवाचे मूळ रूप अवलोकितेश्वर. म्हणजे यात्रेकरू देवदारांमधून चढून ज्याच्या पायाशी पोहोचत असे तो ताजिकाराओही होता आणि अवलोकितेश्वरही. छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या वाचकांनी औरंगाबाद लेण्यांपैकी सातवे लेणे पाहिले असेल. त्याच्या दर्शनी भिंतीवर हाच अवलोकितेश्वर उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आग, चोर, बेड्या, फुटणारे गलबत, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू या आठ संकटांत सापडलेले, त्याचा धावा करणारे लोक कोरलेले आहेत. त्या शिल्पामागची भक्ती सद्धर्मपुंडरीकाच्या ज्या प्रकरणात गायली आहे ते कुमारजीवाच्या चिनी भाषांतरातले पंचविसावे प्रकरण जपानमध्ये अतिशय लोकप्रिय झाले आणि आजही म्हटले जाते. सह्याद्रीतल्या व्यापारी मार्गांवर समुद्राला भिणारा वाणी आणि शिनानोच्या बर्फात हिमकड्याला भिणारा यात्रेकरू एकाच नावाने हाक मारत होते, आणि शेकडो वर्षे मारत होते.

ही हाक १८६८ मध्ये तोगाकुशीवर बंद करण्यात आली. तोकुगावांची सत्ता संपवून आलेल्या नव्या मेइजी सरकारला सम्राटाभोवती उभारलेला एक निखळ, राष्ट्रीय शिंतो हवा होता. शिंतो आणि बौद्ध देवता वेगळ्या करण्याचे हुकूम निघाले: देवस्थानांतल्या भिक्षूंनी चीवर उतरवावे, देवाची मूर्ती म्हणून बुद्धमूर्ती ठेवू नये, बौद्ध उपाध्या वापरू नयेत. सुमारे हजार वर्षांचा केन्कोजी मठ कागदोपत्री नाहीसा झाला. चूइनचे चूशा झाले, होकोइनचे होकोशा झाले, ओकुइनचे ओकुशा झाले. कालचे भिक्षू केस वाढवून शिंतो पुजारी झाले. अवलोकितेश्वर, शाक्यमुनी, क्षितिगर्भ यांना डोंगर सोडावा लागला. काही मूर्ती खालच्या गावांतल्या देवळांनी आसरा देऊन वाचवल्या. चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, यामाबुशींचा पंथच सरकारने बेकायदा ठरवला.

त्याच वर्षी एक चांगली गोष्टही घडली, तीही सांगितली पाहिजे. पवित्र डोंगरांवर स्त्रियांना असलेली बंदी सरकारी हुकमाने उठली. तोवर तोगाकुशीवर स्त्रियांना एका ठरावीक जागेपर्यंतच येता येई. तिथून त्या ओकुइनच्या दिशेने हात जोडत. ती सीमा दाखवणारा दगड आजही वाटेवर आहे, आणि ती ओलांडणारी एक भिक्षुणी जिथे शिळा झाली असे सांगतात तो दगडही जवळच आहे. जुन्या डोंगराबद्दल हळहळताना मी त्या दगडापाशी थांबून हे स्वतःला बजावले आहे.

तरीही १८६८ च्या फाळणीबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. आज तोगाकुशीला जाणाऱ्याला वाटते की आपण अतिप्राचीन, अस्पर्श अशा शिंतो देवस्थानात आलो आहोत. त्याला दिसणारी मांडणी प्रत्यक्षात दीडशेहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी, मोठ्या भागाची छाटणी करून उरलेली आहे. छाटलेल्या भागाच्या खुणा हव्या तर दिसतात. ओकुशाची वाट जवळपास दोन किलोमीटर सरळ जाते. पहिला भाग सपाट आहे, कडेने बारीक ओहोळ वाहतो. निम्म्यावर गवताने शाकारलेल्या छपराचे तांबडे द्वार लागते. त्याच्या जाड छपरावर शेवाळ आणि नेचे वाढलेले आहेत. द्वाराच्या दोन्ही खणांत धनुष्यबाण घेतलेले शिंतो रक्षक बसले आहेत. पूर्वी तिथे उघड्या छातीचे, मुठी वळलेले दोन बौद्ध वज्रधर उभे असत. फाळणीत तेही गेले. द्वारातून पलीकडे पाऊल टाकताच देवदार सुरू होतात. चारशे वर्षांची ही झाडे वाटेच्या इतकी लगत आहेत की त्यांच्या मुळांनी वाटेच्या कडा उचलल्या आहेत. शिसवी तांबूस साल तळहाताएवढ्या पट्ट्यांनी सुटलेली असते आणि पाऊस पडून गेला असेल तर खोडावर हात ठेवल्यावर ती आतून ओली लागते. बहुतेक लोक वर पाहत चालतात. मी ऑक्टोबरात गेलो तेव्हा मुद्दाम बाजूला पाहत चाललो होतो, म्हणून देवदारांच्या मागे, झुडपांत बुडालेले दगडी बांध दिसले. ओकुइनच्या ब्रह्मचारी भिक्षूंच्या आश्रमांचे ते चौथरे आहेत. दगड नीट तासून बसवलेले आहेत, मधून मधून दोन-तीन पायऱ्याही शाबूत आहेत, आणि त्या चढून गेल्यावर सपाट जागेत आता झाडे उभी आहेत.

वाटेचा शेवटचा भाग दगडी पायऱ्यांचा आणि दमवणारा आहे. वर पोहोचल्यावर ओकुशा पाहून काही जण निराश होतात, कारण ते काँक्रीटचे आहे. कड्याखालच्या या जागेवर हिमस्खलनांनी देऊळ वारंवार उद्ध्वस्त केले. १९७८ मध्ये ते कोसळल्यावर पुढच्या वर्षी आजची वास्तू उभी राहिली. लाकडी देऊळ असते तर छायाचित्र सुंदर आले असते, पण हिमकड्याशी झुंज देणाऱ्या देवळाला काँक्रीट शोभते, असे माझे मत आहे. ताजिकाराओकडे खेळाडू विजयासाठी येतात, खाली ओमोइकानेकडे विद्यार्थी परीक्षेसाठी येतात, उझुमेकडे नर्तक आणि नट.

कुझुर्यूचे देऊळ ओकुशाच्या डावीकडे, त्याहून लहान, कड्याच्या कपारीत घुसवल्यासारखे आहे. दर्शनाचा भाग माणसांसाठी. मागची बाजू सरळ डोंगरात जाते, आणि त्या अंधारातच तो राहतो असे मानतात. मी गेलो तेव्हा एक वृद्ध जोडपे माझ्यापुढे होते. आजोबांनी नाणे टाकले, दोनदा वाकून नमस्कार केला, दोनदा टाळी वाजवली आणि मग नेहमीच्या शेवटच्या नमस्काराआधी बराच वेळ मान खाली घालून काही तरी पुटपुटत राहिले. आजी त्यांची वाट पाहत बाजूला उभ्या होत्या. खडकाच्या फटीतून पाणी ठिबकत होते. फाळणीच्या हुकमाने या देवाचे काय करायचे, हे बहुधा कोणाला ठरवताच आले नसावे. तो ‘कोजिकी’तला नाही, म्हणून अस्सल दरबारी शिंतो नाही, तो बुद्धाची मूर्ती नाही, म्हणून हाकलता येत नाही. आणि त्याला हलवले असते तर खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी ते सहन केले नसते. तो राहिला.

चूशामध्ये त्याचे आणखी एक रूप आहे. एकोणिसाव्या शतकातला विख्यात चित्रकार कावानाबे क्योसाई याने तिथल्या छतावर मोठा नाग रंगवला होता. १९४२ च्या आगीत देऊळ आणि चित्र दोन्ही जळाली. जुन्या छायाचित्राच्या आधारे २००३ मध्ये तो नाग छतावर परत आणला गेला. मान उंच करून पाहिले तर ढगांच्या वेटोळ्यांतून त्याची नजर थेट खाली येते. याच देवळात भविष्यपत्रिका मिळते, आणि ती देण्याची पद्धत इतर देवस्थानांहून वेगळी आहे. पेटीतून आपणच काडी काढायची नसते. पुजारी तुमचे वय विचारतो, तेही जुन्या मोजणीने, जन्मताच एक वर्ष धरून. मग आत वळून तुमच्यासाठी प्रार्थना म्हणतो आणि घडी घातलेला कागद आणून देतो. हे पुजारी पूर्वीच्या आश्रमवासी भिक्षूंचेच वंशज आहेत. त्यांची घरे, म्हणजे यात्रेकरूंची निवासस्थाने, अजून त्याच जागी आहेत; त्यांतल्या अनेकांची छपरे गवताने शाकारलेली आहेत आणि २०१७ मध्ये ही वस्ती राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित झाली. उत्सवात हीच घराणी देवांसमोर कागुरा सादर करतात, ज्यात गुहेच्या दाराची कथा नाचून दाखवली जाते. त्यांच्या पूर्वजांनी १८६८ मध्ये केस वाढवले, नावे बदलली आणि डोंगर सोडला नाही. त्यांच्यावर बुद्धाशी प्रतारणा केल्याचा आरोप करणे मला जमत नाही. यात्रेकरू येतच होते आणि त्यांच्यासाठी कोणी तरी दार उघडायला हवे होते.

त्या घरांत वाढल्या जाणाऱ्या सोबाबद्दल, म्हणजे कुट्टूच्या शेवयांबद्दल, दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. साधारण १,२०० मीटर उंचीवरच्या या गार हवेत भात पिकत नाही, कुट्टू पिकतो. तपाच्या काळात धान्य वर्ज्य करणारे यामाबुशी कुट्टूचे पीठ सोबत बाळगत. एदो काळात त्याच पिठाच्या शेवया पाहुण्यांसाठी खास पान म्हणून वाढल्या जाऊ लागल्या. आजही त्या डोंगरातल्या बारीक बांबूच्या गोल सुपलीवर मूठ-मूठभर पाच-सहा जुड्या करून येतात. वाढण्याआधी त्या इथल्या थंडगार पाण्यात धुतात आणि पाणी पुरते निथळू देत नाहीत, म्हणून शेवयांना त्या पाण्याची चव असते. सोबत तिखट मुळ्याचा कीस असतो.

दर सहा वर्षांनी, बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या बैलाच्या आणि मेंढीच्या वर्षी, तोगाकुशीचा मोठा सोहळा होतो. जपानी रीतीने सुरुवातीचे वर्षही मोजत असल्यामुळे त्याला सात वर्षांनी येणारा म्हणतात. तेव्हा होकोशाचा उवाहारु पालखीत बसून पायऱ्या उतरतो आणि चूशाला आपल्या बापाकडे, ओमोइकानेकडे, काही दिवस राहायला जातो. वस्तीतली माणसे जुन्या वेशात त्याच्यासोबत चालतात. पुढचे मेंढीचे वर्ष २०२७ मध्ये येते. सोहळा वसंतात असतो, त्या सुमारास वरच्या कड्यावरचे बर्फ वितळत असते आणि हिवाळ्यात बंद असलेली ओकुशा व कुझुर्यूशा दर्शनासाठी उघडतात. मी तेव्हासाठी चूशाजवळच्या एका जुन्या घरात खोली मिळेल का, हे विचारायला सुरुवात केली आहे.